राखलेली नावं, राहिलेली नावं

१९३० सालच्या जानेवारीत शिकागोमध्ये इतिहासाची आवड असलेल्या मंडळींची एक बैठक झाली. चर्चेला पुस्तक होतं कार्टर जी. वुडसन यांचं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास या माणसाने आयुष्य घालवून कणाकणाने जमवला होता, त्यामुळे पुस्तकाचा दबदबा मोठा. बैठकीला ६७ वर्षांच्या आयडा बी. वेल्स हजर होत्या. त्यांच्या डायरीत या बैठकीची नोंद आहे आणि तिचा आशय असा, की झुंडीने केलेल्या हत्यांविरुद्ध मी जे काम केलं त्याचा या पुस्तकात उल्लेखसुद्धा नाही. एवढंच. त्रागा नाही, आदळआपट नाही.

त्या सुमारास वेल्स आत्मचरित्र लिहीत होत्या. ते का लिहायला घेतलं, हे त्यांनी त्याच्या प्रस्तावनेत सांगून ठेवलं आहे. पंचविशीतली एक मुलगी त्यांच्याकडे आली होती. एका प्रार्थनासभेत जोन ऑफ आर्कचा विषय निघाला आणि आपल्या माहितीतली तशी धडाडीची व्यक्ती कोण, ते प्रत्येकीने सांगायचं ठरलं. सभेत ही एकटीच कृष्णवर्णीय. आपण मागे पडायला नको म्हणून तिने नाव घेतलं, आयडा वेल्स. त्यावर विचारणा झाली, त्याच का? मुलगी गप्प. नाव तिच्या कानावर होतं. बाईंनी नेमकं काय केलं, ते तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं. म्हणून ती थेट बाईंनाच विचारायला आली.

अमेरिकेतल्या विस्मृत कृष्णवर्णीयांवरच्या लेखांचं हे पुस्तक हाती घेणाऱ्या मराठी वाचकाची अवस्था बहुधा त्या मुलीसारखीच असेल. मार्टिन लूथर किंग, रोझा पार्क्स, माल्कम एक्स ही नावं आपल्याला पाठ असतात. पुढे ‘का?’ विचारलं, की दोन वाक्यांत आपलं भांडवल संपतं. आणि ज्यांची नावंही पोचली नाहीत त्यांच्याबद्दल तर विचारायलाच नको.

वुडसन यांच्या पुस्तकातून वेल्स निसटल्या, ही बाब मला फार बोलकी वाटते. शत्रूने नाव पुसलं तर ते निदान ओळखू येतं. त्याच्याशी भांडता येतं. पण आपल्याच माणसांनी घाईत, सोयीसाठी किंवा ‘लोक काय म्हणतील’ या धाकापोटी एखादं नाव बाजूला ठेवलं, तर ते गेल्याचंही कळत नाही. या पुस्तकातल्या लेखांमध्ये दोन्ही प्रकारची माणसं आहेत. दुसऱ्या प्रकाराकडे वाचकाने जास्त लक्ष द्यावं, असं मी सुचवेन.

वुडसन यांच्यावर ठपका ठेवण्याचा मात्र इथे हेतू नाही. त्यांनी ज्या खस्ता खाल्ल्या त्या पाहिल्या, तर एखाद्या नावाबद्दल त्यांना जाब विचारायला जीभ रेटत नाही. १८७५ मध्ये व्हर्जिनियात त्यांचा जन्म झाला. आईवडील दोघंही पूर्वी गुलामगिरीत राहिलेले. शेतीच्या कामांतून वेळ मिळेल तशी शाळा. पुढे वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणीत मजुरी. तिथे ऑलिव्हर जोन्स नावाचे एक खाणकामगार होते. यादवी युद्धात लढलेले, स्वतः निरक्षर, पण घरात पुस्तकं आणि वर्तमानपत्रं बाळगणारे. संध्याकाळी खाणकामगार त्यांच्या घरी जमत आणि लिहिता-वाचता येणारा हा पोरगा त्यांना पेपर वाचून दाखवी. बदल्यात खाऊ मिळे. युद्धात कोण कुठे लढलं, कोणाला कसं विकलं गेलं, कोण कसं निसटलं, याच्या गप्पा तिथे रंगत. त्यातलं काहीही शाळेच्या पुस्तकात नव्हतं. वुडसन यांचं इतिहासाचं पहिलं विद्यापीठ हेच. हार्वर्डला ते नंतर गेले.

विसाव्या वर्षी त्यांनी हायस्कुलात नाव घातलं आणि दोन वर्षांत शिक्षण पुरं केलं. १९१२ मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळवली; डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्यानंतर ती मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय. १९१५ मध्ये त्यांनी शिकागोत कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा आणि इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था काढली, पुढच्याच वर्षी तिचं संशोधन-त्रैमासिक सुरू केलं आणि १९२६ मध्ये ‘निग्रो इतिहास सप्ताह’. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा निवडण्यामागे व्यवहार होता. अब्राहम लिंकन यांचा जन्मदिवस १२ फेब्रुवारीचा, आणि गुलामगिरीतून पळून आलेले थोर वक्ते-संपादक फ्रेडरिक डग्लस यांचा १४ फेब्रुवारीला मानला जाई. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत आणि शाळांत हे दोन्ही दिवस आधीपासून पाळले जात होतेच. जुन्या सणाच्या दिवशीच नवा उत्सव सुरू केला की लोकांना तो परका वाटत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही मंडळाच्या कार्यकर्त्याला सांगावं लागणार नाही. या सप्ताहाला ५० वर्षं झाली त्या १९७६ साली त्याचा महिना झाला आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याची अधिकृत दखल घेतली.

वुडसन यांनी लग्न केलं नाही. वॉशिंग्टनमधल्या नाइन्थ स्ट्रीटवरच्या घरात खाली संस्थेची कचेरी आणि वर त्यांचं बिऱ्हाड. लेख तपासणं, छपाई बघणं, शाळांसाठी साहित्य तयार करणं, पैशांसाठी पत्रं लिहिणं, सगळं त्याच घरातून चाले. १९५० मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्याच पिढीतल्या आर्तुरो शॉम्बर्ग यांच्यावरचा लेख या पुस्तकात आहे, म्हणून इथे फक्त ओळख करून देतो. जन्म पोर्टो रिकोचा. तुमच्या लोकांना इतिहास नाही, असं शाळेतल्या एका बाईंनी त्यांना ऐकवलं होतं, असं ते सांगत. पुढे न्यू यॉर्कच्या एका बँकेत टपालखात्यात नोकरी करत, पदरमोड करून या माणसाने हजारो पुस्तकं, हस्तलिखितं आणि चित्रं जमवली. १९२६ मध्ये, म्हणजे सप्ताह सुरू झाला त्याच वर्षी, तो संग्रह १०,००० डॉलरला न्यू यॉर्क सार्वजनिक ग्रंथालयासाठी विकत घेतला गेला. हार्लेममधल्या आजच्या शॉम्बर्ग संशोधन केंद्राचा पाया तो आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. वेल्स यांनी केलं काय?

१८९२ मध्ये मेम्फिस शहराच्या कडेला ‘पीपल्स ग्रोसरी’ नावाचं किराणा दुकान होतं. ते कृष्णवर्णीयांनी भागीदारीत काढलेलं. टॉमस मॉस हे त्यांतले एक. पेशाने पोस्टमन, वेल्स यांचे जिवलग स्नेही. वेल्स त्यांच्या मुलीच्या धर्ममाता होत्या. दुकान चालू लागल्यावर समोरच्या गोऱ्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटलं. कुरबुरी झाल्या, मारामारी झाली, गोळ्या सुटल्या. मॉस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना तुरुंगात टाकलं, आणि मार्चमधल्या एका रात्री झुंडीने तिघांना तुरुंगातून ओढून नेऊन ठार मारलं.

अशा हत्यांचं तोवर एक ठरलेलं समर्थन होतं: गोऱ्या बाईवर हात टाकला, म्हणून. वेल्स यांच्या डोळ्यांसमोर होता किराणा मालाचा धंदा. त्यांनी एकेक प्रकरण उकरायला सुरुवात केली. गावोगाव जाऊन विचारपूस केली आणि आकडे घेतले ते गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतून, म्हणजे ‘तुम्ही मनचं लिहिता’ असं म्हणायला जागा उरू नये. बलात्काराचा नुसता आरोपही ज्यांत नव्हता अशी प्रकरणं ढिगाने निघाली. हे त्यांनी स्वतःच्या वर्तमानपत्रात छापलं तेव्हा त्या परगावी होत्या. झुंडीने छापखाना फोडला, आणि परत पाऊल टाकलंत तर जीव घेऊ, असा निरोप पाठवला. त्यानंतर न्यू यॉर्क, इंग्लंड, शिकागो, जिथे जातील तिथे त्या हेच लिहीत आणि बोलत राहिल्या.

त्याच वर्षीचा एक तपशील चरित्रकार पटकन ओलांडून जातात. हत्येनंतर मेम्फिसच्या कृष्णवर्णीयांनी ट्रामवर बहिष्कार घातला. महिना-दीड महिन्यात ट्राम कंपनीचे दोन अधिकारी वेल्स यांच्या कचेरीत येऊन बसले. तुमच्या वाचकांना परत यायला सांगा, म्हणू लागले. विजेच्या गाड्या नव्या होत्या. लोक विजेला घाबरतात की काय, अशी त्यांना शंका होती! वेल्स यांनी सहा आठवड्यांपूर्वी कोणाचा खून झाला याची त्यांना आठवण करून दिली आणि पुढच्या अंकात हा सगळा संवादच छापून टाकला. माँटगोमेरीच्या बस-बहिष्काराला अजून ६३ वर्षं अवकाश होता.

वेल्स १९३१ मध्ये गेल्या. आत्मचरित्र अर्ध्या वाक्यात तुटलेलं. त्यांची मुलगी अल्फ्रेडा डस्टर हिने ते हस्तलिखित सांभाळलं, संपादित केलं, प्रकाशकांचे नकार पचवले आणि अखेर १९७० मध्ये शिकागो विद्यापीठाकडून ते प्रसिद्ध करवलं. ३९ वर्षं. पुलित्झरच्या मंडळाने वेल्स यांचा मरणोत्तर गौरव केला तो २०२० मध्ये. एका लेकीने हस्तलिखित रद्दीत जाऊ दिलं नाही, म्हणून आज आपल्याला हे सगळं वेल्स यांच्या तोंडून ऐकता येतं.

उलट रॉबर्ट स्मॉल्स यांचं नाव पुसलं गेलं ते रीतसर, ठरवून, शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून. यादवी युद्ध चालू असताना, १३ मे १८६२ च्या पहाटे, दक्षिणेच्या लष्कराचं ‘प्लँटर’ नावाचं वाफेचं जहाज चार्ल्सटनच्या धक्क्यावरून निघालं. गोरे अधिकारी रात्री घरी झोपायला गेले होते. जहाजावर होते २३ वर्षांचे स्मॉल्स आणि त्यांचे गुलाम सहकारी. वाटेत एका धक्क्यावर थांबून त्यांनी बायका-पोरांना चढवून घेतलं. बंदरातून बाहेर पडायचं तर तोफांनी सज्ज किल्ल्यांच्या खालूनच जावं लागे. स्मॉल्स यांनी कप्तानाची गवती हॅट डोक्यावर चढवली, तो उभा राहायचा तसे सुकाणूघरात उभे राहिले आणि फोर्ट सम्टरसमोर शिट्टीची नेमकी खूण दिली. हे सगळं त्यांनी रोजच्या कामात पाहून ठेवलं होतं. किल्ल्यावरून जाऊ द्या अशी खूण आली. तोफांच्या टप्प्याबाहेर पोचल्यावर दक्षिणेचा झेंडा उतरवून पांढरी चादर फडकवली; नाहीतर समोरच्या उत्तरेच्या युद्धनौकेने त्यांनाच बुडवलं असतं.

पुढे हेच स्मॉल्स अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात अनेक वेळा निवडून गेले. ज्या घराच्या मागच्या अंगणात ते गुलाम म्हणून जन्मले, ते घर त्यांनी लिलावात विकत घेतलं. हिंदी सिनेमावाल्याने हे रचलं असतं तर आपण त्याला हसलो असतो. तरीही कित्येक दशकं अमेरिकन मुलांना हे नाव ठाऊक नव्हतं. कारण युद्धानंतरची बारा वर्षं, जेव्हा पूर्वीचे गुलाम मतदार झाले, आमदार-खासदार झाले, ती बेबंदशाहीची आणि लाचखोरीची वर्षं म्हणून शिकवली जात होती. हे शिकवणारे प्राध्यापक न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले, मोठे नामांकित. ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये एक जाडजूड ग्रंथ लिहून त्यांना उत्तर दिलं. ते मुख्य प्रवाहाने मान्य करायला आणखी एक पिढी जावी लागली.

पुस्तकाचा सर्वात मोठा भाग माँटगोमेरीवर आहे आणि तो तसाच असायला हवा होता. कारण कोणाचं नाव पुढे करायचं, याची तिथली निवड भर चौकात झाली आणि तिची कारणंही आपल्याला ठाऊक आहेत.

अलाबामातल्या या शहरात बसच्या पुढच्या दहा जागा गोऱ्यांसाठी राखीव. कृष्णवर्णीय प्रवाशाने पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचं. तेवढ्यात ड्रायव्हरने बस हाकली तर पैसे गेले. २ मार्च १९५५ रोजी १५ वर्षांची क्लॉडेट कॉल्विन शाळेतून घरी निघाली होती. नुकताच फेब्रुवारी संपलेला. शाळेत गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या हॅरिएट टबमन, सोजर्नर ट्रूथ, सगळं शिकवून झालेलं. वुडसन यांचा सप्ताह त्या शाळेत नुसता साजरा होत नसे, मन लावून शिकवला जाई. गोऱ्या बाईसाठी जागा सोड म्हटल्यावर क्लॉडेट उठली नाही. मी भाडं दिलंय, हा माझा घटनात्मक हक्क आहे, म्हणाली. पोलिसांनी तिला हात धरून ओढलं तेव्हा मांडीवरची वह्या-पुस्तकं बसभर उडाली. बेड्या घालून तिला मोठ्यांच्या तुरुंगात नेलं. पुढे ती सांगे, की एका खांद्यावर टबमनचा आणि दुसऱ्या खांद्यावर ट्रूथचा हात असल्यासारखं वाटलं, म्हणून उठता आलं नाही. खाणकामगारांना पेपर वाचून दाखवणाऱ्या पोराच्या खटाटोपाचं इतकं थेट फळ दुसरं दाखवता येणार नाही.

शहरातल्या पुढाऱ्यांनी तिच्या प्रकरणावरून बहिष्कार पुकारायचा का, याचा विचार केला आणि नाही म्हणाले. मुलगी लहान. गरीब वस्तीतली. रंगाने गडद. जरा तापट. न्यायालयाने पोलिसावर हात उचलल्याचा आरोप तेवढा कायम ठेवलेला, त्यामुळे कायद्याची लढाईही अडचणीची. काही महिन्यांनी ती गरोदर राहिली, मग तर विषयच संपला. १ डिसेंबरला रोझा पार्क्स उठल्या नाहीत. वय ४२, विवाहित, शिवणकाम करणाऱ्या, बोलण्यात मृदू, चर्चमध्ये नियमित. पुढाऱ्यांना हवा तसा चेहरा मिळाला.

मला या निर्णयाची चीड येते आणि तो चुकीचा होता, असं मात्र छातीठोकपणे म्हणवत नाही. गोऱ्या वर्तमानपत्रांनी त्या मुलीची लक्तरं काढली असती, यात शंका नाही. पण जिंकल्यावरही तिची आठवण काढली गेली नाही, त्याला हे कारण पुरत नाही. कारण बसमधला भेदभाव कायद्याने संपला तो पार्क्स यांच्या खटल्यात नव्हेच. तो संपला ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ या खटल्यात. त्यात फिर्यादी चार बायका: ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅक्डॉनल्ड, मेरी लुईझ स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्विन. लोकांसमोर मिरवायला नको असलेली मुलगी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चालली! मे १९५६ मध्ये तिने साक्ष दिली. तुमचे पुढारी कोण, असं शहराच्या वकिलाने खोदून विचारलं. किंग यांचं नाव तिच्या तोंडून काढायचं होतं. आमचे आम्हीच, असं ती म्हणाली. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला. ३८१ दिवसांचा बहिष्कार संपला आणि क्लॉडेट यथावकाश न्यू यॉर्कला गेली. तिथल्या एका शुश्रूषागृहात तिने कित्येक दशकं वृद्धांची सेवा केली. तिच्यावरचा १९५५ चा गुन्हा नोंदवहीतून पुसायला २०२१ साल उजाडलं.

गंमत अशी, की याच कथेत रोझा पार्क्ससुद्धा विसरल्या गेल्या आहेत. आपल्याकडच्या मुलांना शिकवल्या जाणाऱ्या पार्क्स म्हणजे दिवसभराच्या कामाने पाय दुखणारी एक साधी बाई. प्रत्यक्षात त्या रंगभेदाविरुद्ध लढणाऱ्या संघटनेच्या शहर शाखेच्या जुन्या सचिव होत्या. १९४४ मध्ये रेसी टेलर या तरुणीवर सहा गोऱ्यांनी बलात्कार केला, तेव्हा त्याची चौकशी करायला पार्क्स यांनाच पाठवलं होतं. अटकेच्या आधीच्या उन्हाळ्यात त्या टेनेसीतल्या हायलँडर शाळेत चळवळीचं शिक्षण घेऊन आल्या होत्या. क्लॉडेट त्यांच्याच युवक शाखेत येत असे. बहिष्कारानंतर पार्क्स दांपत्याला माँटगोमेरीत पोटापाण्याला काही मिळेना, तेव्हा १९५७ मध्ये ते शहर सोडून गेले. त्यांच्या अंगातला हा सगळा निखारा काढून घेऊन थकलेली शिवणकाम करणारी बाई तेवढी पाठ्यपुस्तकात ठेवली. पुतळे उभारूनही माणूस विसरता येतो.

त्या शहरातल्या आणखी दोघी. पार्क्सना अटक झाली त्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या इंग्रजीच्या प्राध्यापक बाई आपल्या कॉलेजात शिरल्या आणि एक सहकारी व दोन विद्यार्थी हाताशी घेऊन पहाटेपर्यंत सायक्लोस्टाइल यंत्रावर हजारो पत्रकं काढत बसल्या. एका कागदावर तीन पत्रकं, मग कापाकापी, मग गठ्ठे. कॉलेज सरकारी; पकडल्या गेल्या असत्या तर नोकरी गेली असती. बहिष्काराची हाक त्या पत्रकांनी दिली. किंग यांची पुढारी म्हणून निवड व्हायला अजून तीन-चार दिवस होते.

दुसरी जॉर्जिया गिल्मोर, स्वयंपाकीण. हिने आणि तिच्या मैत्रिणींनी तळलेले मासे, सँडविच, रताळ्याची पाई आणि केक विकून, बहिष्कारात लोकांची ने-आण करणाऱ्या गाड्यांना पेट्रोल पुरवलं. विकत घेणाऱ्यांत गोरेही असत, त्यांना काय ठाऊक! पैसे आले कुठून, असं विचारलं तर ‘कुठूनच नाही’ असं सांगता यावं, म्हणून मंडळाचं नावच ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. किंग यांच्यावरच्या खटल्यात तिने बसवाल्यांविरुद्ध साक्ष दिली आणि नोकरी गमावली. मग तिचं घर हीच खानावळ झाली आणि पुढारी तिथे जेवत-जेवत बैठका घेऊ लागले. तिच्यावरचा लेख या पुस्तकातला मला सगळ्यात आवडलेला.

बेयार्ड रस्टिन यांच्याबद्दल थोडक्यात. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला जो अडीच लाखांचा मोर्चा गेला, जिथे किंग यांनी आपलं स्वप्न सांगितलं, तो उभा केला रस्टिन यांनी, तोही दोन महिन्यांच्या आत. ध्वनिक्षेपकापासून चीझ सँडविचच्या ८०,००० पाकिटांपर्यंत सगळं त्यांच्या यादीत होतं. उन्हात नासतं म्हणून डब्यात मेयोनीज आणू नका, ही सूचनासुद्धा. ते गांधींच्या मार्गाचे जुने अभ्यासक. १९४८ मध्ये भारतात येऊन गेलेले. पण ते समलिंगी होते आणि त्यावरून त्यांना एकदा अटक झाली होती. मोर्चाच्या पंधरा दिवस आधी एका सेनेटरने ते कागद भर सभागृहात वाचून दाखवले. ज्येष्ठ कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ त्यांच्यामागे ठाम उभे राहिले, म्हणून निभावलं. इतरांनी त्याआधी त्यांना दूर ठेवलं होतंच, त्यांत किंगही आले.

विव्हियन थॉमस यांच्यावरचा लेख वाचताना आपल्याकडच्या डॉक्टरांनी जरा थांबावं. जन्मतः हृदयात दोष असलेल्या निळसर बाळांसाठी जी ‘बीटी शंट’ शस्त्रक्रिया मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत आजही माहीत आहे, तिच्यातला ‘बी’ शल्यचिकित्सक ब्लेलॉक यांचा आणि ‘टी’ बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांचा. थॉमस हे नॅशव्हिलचे सुतार. वैद्यकीय शिक्षणासाठी साठवलेले पैसे मंदीत बँक बुडाल्याने गेले. ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस म्हणून लागले आणि कागदोपत्री त्यांची श्रेणी झाडूवाल्याची. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ही शस्त्रक्रिया कुत्र्यांवर करून, उपकरणं घडवून तिची पद्धत बसवली ती थॉमस यांनी. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी आयलीन सॅक्सन या जेमतेम चार किलोच्या बाळावर ती पहिल्यांदा झाली, तेव्हा ब्लेलॉक यांच्या उजव्या खांद्यामागे एका छोट्या स्टुलावर थॉमस उभे होते. टाका कुठल्या दिशेने घ्यायचा, ते मागून सांगत होते. ब्लेलॉक यांनी कुत्र्यांवर जेमतेम मदतनीस म्हणून हात लावला होता. थॉमस यांनी ती कितीदा तरी केलेली. निबंध छापून आला तेव्हा त्यावर थॉमस यांचं नाव नव्हतं. पगार पुरेना म्हणून ते ब्लेलॉक यांच्याच घरच्या मेजवान्यांत पेयं वाढायचं काम करत आणि सकाळी तिथल्याच पाहुण्यांना, म्हणजे शिकाऊ शल्यचिकित्सकांना, टाके घालायला शिकवत. हॉपकिन्सने त्यांचं तैलचित्र १९७१ मध्ये लावलं आणि १९७६ मध्ये मानद डॉक्टरेट दिली. अलीकडे शंटच्या नावात दुसरा ‘टी’ घालू लागले आहेत.

मराठीत असं पुस्तक नव्याने कशाला, असा प्रश्न येईल. मराठीचा या विषयाशी संबंध दीडशे वर्षांचा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले ते कोलंबियात, हार्लेमला लागून असलेल्या विद्यापीठात. होय, स्मॉल्स यांच्या पिढीला लाचखोर ठरवणाऱ्या प्राध्यापकांच्याच. १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या, आणि ड्यू बॉइस यांनी आस्थेने उत्तर दिलं. १९७२ मध्ये मुंबईच्या तरुण कवी-लेखकांनी दलित पँथर काढली, ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. एवढं असून चरित्रांच्या बाबतीत आपला साठा तुटपुंजाच राहिला. जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेतला मान मुक्ती देणाऱ्यांचा होता. मुक्ती स्वतः मिळवणाऱ्या स्मॉल्स यांच्यासारख्यांची गोष्ट तेव्हा या किनाऱ्यावर पोचलेली नव्हती. या पुस्तकाने ती बाकी काही अंशी फेडली आहे.

संपादकांशी माझे दोन मतभेद आहेत. किंग यांच्यावर स्वतंत्र लेख नाही, हे मला पटलं. ते इतरांच्या लेखांतून येत-जात राहतात आणि त्यामुळे उलट जिवंत वाटतात. पण लेखिका झोरा नील हर्स्टन यांना दोन पानांत आटोपायला नको होतं. १९६० मध्ये त्या गेल्या, फ्लॉरिडात त्यांची कबर नावाविना पडली होती आणि १९७३ मध्ये लेखिका अ‍ॅलिस वॉकर रानातून वाट काढत ती शोधायला गेल्या, हे सगळं इथे आहे. हर्स्टन यांनी आफ्रिकेतून शेवटच्या गुलामजहाजाने आणलेल्या कुजो लुईस यांच्याशी बोलून लिहिलेलं पुस्तक २०१८ पर्यंत छापलंच गेलं नाही, हे मात्र एका ओळीत उरकलं आहे.

दुसरा मतभेद मोठा आहे. पुस्तक अमेरिकेपुरतं ठेवलं, ही मर्यादा समजू शकते. पण पुढचा भाग निघाला तर त्याचं पहिलं प्रकरण खुलताबादला, मलिक अंबरच्या कबरीपाशी, सुरू व्हावं. इथिओपियात जन्मलेला चापू नावाचा मुलगा गुलाम म्हणून हातोहात विकला जात दख्खनला पोचला. तोच पुढे मलिक अंबर या नावाने निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. १६१० मध्ये त्याने खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवलं आणि तिथे नहर-ए-अंबरीने पाणी आणलं. १६२४ मध्ये भातवडीला त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी पडले. मलिक अंबर मोगलांच्या हाती कधी लागला नाही. म्हणून जहांगीरने स्वतःचं एक चित्र काढवून घेतलं: भाल्याला खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बादशहा बाण सोडतो आहे. अंबर पुढे १६२६ मध्ये म्हातारा होऊन मेला. आपल्या शाळेत तो शहाजीराजांच्या धड्यात दोन ओळींत येतो. मोगल दरबारचे फारसी ग्रंथ आहेत, त्याला भेटलेल्या डच व्यापाऱ्याचा वृत्तांत आहे, जमीनमहसुलाच्या पद्धतीवर त्याचं नाव आहे. सामग्री विखुरलेली आहे आणि फारसी-डच दोन्ही वाचणारा माणूस मिळणं कठीण आहे, हे मला कबूल. संपादकांनी आतापासून शोधायला लागावं.